परक्याच्या पैशावर परदेशी शिक्षण: देवगडच्या एका वडिलांना उत्तर

देवगड तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. ते एसटीतून निवृत्त झाले असून गावात त्यांची हापूसची काही कलमे आहेत. त्यांच्या मुलीने रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतली, दोन वर्षे कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात काम केले आणि आता स्कॉटलंडमधील एका विद्यापीठात मत्स्यसंवर्धनाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठाने शुल्कात काही सवलत दिली आहे, मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टने दोन जामीनदारांच्या अटीवर बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देऊ केली आहे आणि आणखी एका प्रतिष्ठानने तिला मुलाखतीला बोलावले आहे. वडील लिहितात: "आमच्या घराण्यात कोणी कोणाचे मिंधे राहिलेले नाही. थोरले बंधू म्हणतात, परक्याच्या दानावर मुलगी पाठवण्यापेक्षा कलमे वीक. एवढे पैसे कोणी उगाच कशाला देईल? उद्या हे लोक मुलीवर हक्क सांगतील का? आणि तिला तिकडेच नोकरी लागली, तर तिने काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

कलमे विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. हे सर्वांत आधी सांगते, कारण अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होणार आणि तुम्हाला पैशाची निकड आहे हे गावात एकदा कळले की येणारा प्रत्येक गिऱ्हाईक त्याच हिशेबाने भाव पाडून मागेल. शिवाय कोकणातल्या बहुतेक जमिनींप्रमाणे तुमचाही सातबारा सामायिक असेल, त्यावर थोरल्या बंधूंचे, बहिणींचे, कदाचित मुंबईतल्या चुलत भावांचेही नाव असेल, आणि त्या सर्वांच्या संमतीवाचून पूर्ण जमिनीचे खरेदीखत होणार नाही. एवढ्या सह्या दोन-तीन महिन्यांत गोळा होणे फार कठीण. पण माझे खरे कारण याहून वेगळे आहे. कलमे दरवर्षी चार पैसे देतात. उद्या मुलीला नोकरी लागायला सहा-आठ महिने उशीर झाला, तर शिष्यवृत्तीच्या कर्जाचे हप्ते ज्यातून भरता येतील असे तुमच्या घरातले ते एकच साधन आहे; एसटीचे निवृत्तिवेतन किती तुटपुंजे असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिक्षणासाठी जमीन विकली आणि नंतर हप्त्यांसाठी पुन्हा हात रिकामा, अशी वेळ स्वतःवर आणू नये.

आता मिंधेपणाविषयी. तुमच्या बंधूंच्या बोलण्यामागची भावना मी हलकी मानत नाही. आपल्याकडे माणसांनी पेजेवर दिवस काढले, पण दुसऱ्याच्या दारात उभे राहणे टाळले, आणि त्या स्वाभिमानानेच अनेक घरे सावरली. तरीही बंधूंना एवढे जरूर विचारा की गावच्या शाळेची इमारत उभी राहिली तेव्हा वर्गणी कोणी दिली, पावसाळ्यात शाळा सुरू होताना वह्या आणि दप्तरे कुठून येत होती, आणि गावातला पहिला मुलगा कॉलेजला मुंबईत गेला तेव्हा तो कोणाच्या खोलीत, कोणत्या वसतिगृहात राहिला. कोकणातल्या वाड्यांची मुंबईतील ग्रामस्थ मंडळे आणि ज्ञातिसंस्था हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. गिरणीत किंवा गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याने पगारातून काढून दिलेल्या रुपयावर ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही असा मुलगा शिकला, आणि त्याला कोणी मिंधा म्हटले नाही, कारण पुढे त्यानेही वर्गणीच्या पावतीवर आपले नाव लिहिले. मुंबईच्या ट्रस्टकडून येणारा पैसा याच जातकुळीचा आहे. फक्त देणारा तुमच्या ओळखीचा नाही आणि रक्कम मोठी आहे.

"उगाच कशाला देईल" याचे उत्तर ट्रस्टच्या रचनेत आहे. बहुतेक वेळा कोण्या एका व्यक्तीने किंवा कुटुंबाने आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावर मोठी रक्कम कायमनिधी म्हणून वेगळी काढलेली असते. मूळ निधीला हात लावायचा नाही आणि त्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या द्यायच्या, असे ट्रस्टच्या घटनापत्रात लिहिलेले असते. देणगीदार हयात असेलच असे नाही. आज निर्णय घेतात ते विश्वस्त, आणि त्यांना तो पैसा दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. करसवलत टिकवायची, तर उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग त्यांना उद्दिष्टांवर खर्चावा लागतो. तेव्हा तुमच्या मुलीला पैसे देऊन ते तिच्यावर मेहेरबानी करत नाहीत; ज्या कामासाठी निधी ठेवला गेला, ते काम करण्यासाठी त्यांना योग्य विद्यार्थी हवाच असतो, आणि निवड समितीने तो तिच्यात पाहिला आहे.

कर्ज-शिष्यवृत्ती हा प्रकार आपल्याकडे चांगला जुना आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली, म्हणजे टाटांचा पोलाद कारखाना अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा निधी भारतीय विद्यार्थ्यांच्या परदेशी उच्च शिक्षणासाठी स्थापन केला आणि मदत कर्जाच्या रूपाने देण्याची पद्धत ठेवली. विद्यार्थी शिकून कमावता झाला की रक्कम परत करतो आणि तीच पुढच्या विद्यार्थ्याला मिळते. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हे केरळमधील अत्यंत गरीब घरातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते शिकले ते याच निधीच्या आधारावर. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन या मुंबईच्या संस्थाही परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. तुमच्या घराला कोणाचे फुकट नको असेल, तर कर्ज-शिष्यवृत्तीइतकी तुमच्या स्वभावाला जुळणारी दुसरी मदत नाही, हे बंधूंना पटवून द्या. घेतलेले परत करायचे आहे, आणि ते परत गेल्यावर कदाचित वेंगुर्ल्याची किंवा गुहागरची एखादी मुलगी त्यावर जाईल.

आणखी एक उदाहरण आपल्याच किनाऱ्याच्या मुलखातले आहे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार. पुढे लंडनमधले शिक्षण अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना मायदेशी यावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे अशी त्यांची जुळवाजुळव होती. या हकिकतीत तुमच्या प्रश्नांना लागणारे जवळजवळ सगळे आहे. शिष्यवृत्तीला मुदत असते, तिला अट असते, ती एकटी पुरत नाही, आणि ती घेणारा माणूस देणाऱ्याचा अंकित होतो असे मुळीच नाही; बाबासाहेबांची मते आयुष्यभर त्यांची स्वतःचीच राहिली.

मुलीवर "हक्क सांगण्याची" भीती मात्र मी हवेत सोडून देणार नाही, कारण तिचे उत्तर कागदावर असते आणि तो कागद वाचण्याचा कंटाळा फार घरांत केला जातो. निवड झाल्याच्या आनंदात मुले सह्या करून मोकळी होतात आणि परतफेड नेमकी कधी सुरू होणार हे आई-वडिलांना तीन वर्षांनी नोटीस आल्यावर कळते. करारपत्राचा मसुदा आधी मागून घ्या आणि घरात मोठ्याने वाचा. परतफेड अभ्यासक्रम संपल्यापासून किती महिन्यांनी सुरू होते, ती किती वर्षांत पूर्ण करायची, नोकरी नसेल तर मुदतवाढ मिळते का, बिनव्याजी म्हटलेले कर्ज हप्ता चुकल्यावरही बिनव्याजीच राहते का, अभ्यासक्रम आजारपणामुळे सोडावा लागला तर काय, आणि गुणपत्रिका किंवा प्रगतीचा अहवाल किती महिन्यांनी पाठवायचा, हे सगळे त्यात स्पष्ट असले पाहिजे. काही निधींमध्ये विद्यार्थ्याने परदेशात उत्तम कामगिरी केली, तर कर्जाच्या काही भागाचे रूपांतर बक्षिसात होते. टाटा एन्डाउमेंटमध्येही परदेशातल्या कामगिरीशी जोडलेली बक्षीस-शिष्यवृत्ती असते. तुमच्या ट्रस्टमध्ये ती आहे का, ते विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही.

ट्रस्ट खरा आहे की नाही, याचीही खात्री करून घ्या. मुंबईच्या सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते आणि तिचा क्रमांक मंजुरीपत्रावर असायला हवा. अर्जाचे नाममात्र शुल्क एखादी संस्था घेते, त्यात वावगे नाही. परंतु मंजूर रकमेच्या काही टक्के आगाऊ भरा, मग धनादेश निघेल, असे सांगणारा माणूस फसवत आहे हे निश्चित समजा, मग त्याचे कार्यालय कितीही झकपक असो.

जामीनदारांचा विषय नाजूक आहे. आपल्याकडे जामिनाची सही ही लग्नातल्या साक्षीदाराच्या सहीसारखी चहाच्या कपाबरोबर मागितली जाते आणि तशीच दिली जाते. भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मुलीने पैसे भरले नाहीत तर ट्रस्ट थेट त्याच्याकडे मागणी करू शकतो. ज्याला विचाराल त्याला हे शब्द न चावता सांगा, करारपत्राची प्रत त्याच्या हाती द्या, आणि परतफेडीसाठी तुमच्याकडे कोणती सोय आहे तीही दाखवा. माझ्या मते त्या दोघांतले एक तुमचे थोरले बंधू असावेत. त्यांनी कागद वाचला, प्रश्न विचारले आणि मग सही केली, तर घरातला वाद मिटेलच, शिवाय मुलगी तिकडे असताना इथे तुमच्या पाठीशी उभे राहणारे माणूस मिळेल. त्यांनी नकार दिला, तर तो मनाला लावून घेऊ नका.

आता पैशाचा हिशेब, कारण शिष्यवृत्ती मिळूनही मुले अडतात ती बहुतेक इथेच. एका वहीत दोन रकाने आखा: पैसा कधी लागणार आणि पैसा कधी येणार. विद्यापीठ अनामत रक्कम मागते ती आधी, आणि ती भरल्यावरच व्हिसासाठी लागणारे प्रवेशनिश्चितीचे पत्र देते. मग व्हिसाचे शुल्क आणि ब्रिटिश आरोग्यसेवेचा अधिभार येतो. हा अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा चार महिने जास्तीचा मिळत असल्यामुळे तो दीड वर्षाचा भरावा लागतो. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, त्यासाठी मुंबईची एक खेप. पुढे तिकीट, आणि तिथे पोहोचल्याबरोबर खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, थंडीचे कपडे. यातला बहुतेक खर्च जून ते सप्टेंबर या काळात होतो. ट्रस्टचा धनादेश मात्र अनेकदा व्हिसा आणि तिकिटाची प्रत दाखवल्यावर निघतो, आणि काही प्रतिष्ठाने तर विद्यार्थ्याने तिथे नाव नोंदवल्याचा पुरावा आल्यावरच पहिला हप्ता देतात. मंजूर झालेली रक्कम पुरेशी असूनही ती हातात यायच्या आधीच्या या दोन-तीन महिन्यांत घरातले दागिने गहाण पडतात. तुमच्या दोन रकान्यांमधली ही दरी किती रुपयांची आहे, ते आजच काढा आणि ट्रस्टला तसे पत्र लिहा. पूर्वकल्पना दिल्यास काही संस्था पहिला हप्ता लवकर देतात.

याच्याशीच जोडलेली एक तांत्रिक बाब आहे आणि तिच्यावर फार अर्ज फेटाळले जातात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेले शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहणीखर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचे दाखवावे लागते. या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक त्या आकड्याखाली गेली, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. सरकारने किंवा विद्यापीठाने दिलेल्या शिष्यवृत्तीचे पत्र या पुराव्यासाठी चालते. पण खासगी ट्रस्टचे मंजुरीपत्र तसेच चालेल असे गृहीत धरू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मुलीने ईमेलने हाच प्रश्न विचारावा आणि लेखी उत्तर जपून ठेवावे.

बँकेच्या कर्जाबद्दल थोडक्यात लिहिते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा स्थावर तारण मागत नाहीत. त्यावरच्या रकमेला मागतात. आणि तिथे कलमांचा सातबारा पुढे केलात, तर बहुधा नकार मिळेल, कारण थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात तो शेतजमिनीला लागू होत नाही. तेव्हा दरी भरून काढण्यापुरते, तारणाशिवाय मिळेल एवढेच कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेतून घ्यावे. सरकारी मार्गही तपासून पाहावा: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. त्यांच्या अटी आणि मुदती वेगळ्या, पण मिळाल्यास शुल्क आणि राहणीखर्च दोन्ही भागतात.

ज्या प्रतिष्ठानने मुलाखतीला बोलावले आहे, ते परतफेड नसलेली रक्कम देते असे तुमच्या पत्रावरून दिसते. अशी शिष्यवृत्ती देणाऱ्यांत १९७६ साली स्थापन झालेले इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन प्रसिद्ध आहे, आणि अशा ठिकाणी स्पर्धा अर्थातच तीव्र असते. निवड समित्यांवर मी बरीच वर्षे बसले आहे, म्हणून मुलीला दोन शब्द सांगते. "मला मत्स्यशास्त्राची लहानपणापासून आवड आहे" हे वाक्य समितीने त्या दिवशी सकाळपासून अनेकदा ऐकलेले असते. तिने बीजोत्पादन केंद्रात काम केले आहे, ही तिची खरी मिळकत. टाकीतून काचेच्या बीकरमध्ये पिल्ले काढून उजेडासमोर धरायची, ती पोहतात कशी, त्यांच्या पोटातली अन्नाची काळी रेघ सलग आहे की तुटलेली, हे पाहायचे आणि त्यावरून पुढचे खाद्य ठरवायचे, हे तिने रात्रपाळीत कितीदा तरी केले असेल. एखाद्या रात्री बीकरमधली पिल्ले तळाला बसलेली दिसली, तेव्हा तिने आधी काय तपासले, क्षारता की तापमान की हवा, आणि कारण सापडले नाही तेव्हा तिला कोणते ज्ञान कमी पडले, एवढेच तिने सांगावे. २००९ पासून आपल्याकडे व्हॅनामी या परदेशी जातीच्या कोळंबीचे संवर्धन होते आणि तिच्या रोगमुक्त मादी-नरांचा साठा परदेशातून आणून चेन्नईत विलग ठेवून तपासला जातो. तरीही व्हाइट स्पॉटचा विषाणू तळ्यात शिरला की काही दिवसांत सगळा माल जातो, आणि कर्ज काढून खाजणात तळी खोदणारा शेतकरी बुडतो. स्कॉटलंडमध्ये खाऱ्या पाण्यातल्या पिंजऱ्यांत सामन मासा वाढवतात आणि माशांचे आरोग्य हा तिथे मोठा अभ्यासविषय आहे. ते शास्त्र शिकून आपल्या खाड्यांत काय करता येईल, याचे तिचे उत्तर कच्चे असले तरी चालेल. ते तिचे स्वतःचे असावे, कोचिंगवाल्याने लिहून दिलेले नसावे.

मुलाखतीत पहिल्या ट्रस्टची मदत लपवू नये. काही संस्था दुसरी शिष्यवृत्ती असल्यास रक्कम कमी करतात, काही दोन्ही घेऊ देतात. पण माहिती दडवल्याचे नंतर उघड झाले तर दोन्ही हातचे जाते. तिने सर्व स्रोतांचा तक्ता एका कागदावर बरोबर न्यावा आणि "एवढ्याची तजवीज आहे, एवढ्याची नाही" असे सरळ सांगावे. समितीला असा उमेदवार आवडतो, कारण आपला पैसा नेमका कुठे लागणार हे तिला दिसते.

शिकताना काम करून खर्च भागेल, यावर हिशेब उभारू नका. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. सुट्टीत पूर्णवेळ करता येते हे खरे, पण एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळ्याचे महिने प्रबंधाचे असतात आणि ते सुट्टी म्हणून मोजले जात नाहीत. गावात कोणी "तिकडे हॉटेलात काम करून सगळे वसूल होते" असे सांगेल. तो ऐकीव मजकूर आहे. हातखर्च निघेल, शुल्क निघणार नाही, आणि तास ओलांडले तर व्हिसाच रद्द होण्याची जोखीम आहे. विभागातल्या प्रयोगशाळेत किंवा हॅचरीत थोडे तास मिळाले, तर दुकानातल्या कामापेक्षा ते तिने आधी घ्यावे, पगार थोडा कमी असला तरीही. पुढच्या नोकरीत तेच उपयोगी पडेल.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटला: तिकडे नोकरी लागली तर तिने काय करावे? याचेही पहिले उत्तर करारात आहे. काही शिष्यवृत्त्या परतण्याचे बंधन घालतात. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीत अभ्यासक्रम संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर गेलेल्यांनाही व्हिसाच्या नियमांमुळे दोन वर्षे परत यावे लागते. बंधन मान्य करून पैसा घेतला असेल, तर ते पाळलेच पाहिजे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली तिथे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले, आणि मोठ्या पगाराच्या जागा बाजूला ठेवून ठरल्याप्रमाणे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला परत आले. मुंबईच्या कर्ज-शिष्यवृत्त्यांत मात्र असे बंधन अनेकदा नसते. त्यांना रक्कम वेळेवर परत हवी असते. तुमच्या ट्रस्टच्या करारात परतण्याची अट नसेल, तर तिने तिथे काही काळ काम करणे हा विश्वासघात नाही. उलट पौंडात मिळालेल्या पगारातून कर्ज लवकर फिटते, आणि वर्गात वाचलेली गोष्ट समुद्रावर, पिंजऱ्यावर, वादळात कशी चालते हे शिकायला मिळते. ते शिक्षण पदवीइतकेच मोलाचे आहे, आणि तरुण वयात ते घ्यावे असे मला मनापासून वाटते.

कालावधीचे भान मात्र हवे. पदवीनंतर काम शोधण्यासाठी ब्रिटन जो ग्रॅज्युएट व्हिसा देते त्याची मुदत दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. झालेले सोडून, ती दीड वर्षाचीच आहे. त्यापुढे राहायचे तर परवानाधारक मालकाने प्रायोजित केलेली आणि ठरावीक वेतनमर्यादेच्या वरची नोकरी लागते, आणि ही मर्यादा गेल्या काही वर्षांत बरीच वाढवली गेली आहे. तेव्हा "ती कायमची तिकडची झाली" या धास्तीने तुम्ही आजपासून झोप उडवून घेण्याचे कारण नाही, आणि "तिकडे गेली की घर सावरले" अशी आशाही बंधूंनी किंवा इतर नातेवाइकांनी तिच्यावर लादू नये. तिच्या पहिल्या पगारावर पहिला हक्क ट्रस्टच्या हप्त्याचा आहे; घराची कौले आणि भावाचे लग्न त्यानंतर. हे तुम्ही स्वतः, ती निघण्यापूर्वी, सर्वांसमोर बोललात तर तिच्या मनावरचा मोठा भार उतरेल. तिला स्वतःहून ते बोलणे जमणार नाही.

या आठवड्यात तीन कामे करा. ट्रस्टकडून करारपत्राचा मसुदा मागवा, मुलीला विद्यापीठाकडे निधीच्या पुराव्याबद्दल लेखी विचारायला सांगा, आणि बंधूंना दुपारच्या जेवणाला बोलावून तो मसुदा आणि वहीतले दोन रकाने त्यांच्यापुढे ठेवा. मसुद्यात परतफेडीचे किंवा जामिनाचे एखादे कलम उमगले नाही, तर नावे झाकून त्या पानाची प्रत माझ्याकडे पाठवा. सही करण्यापूर्वी उत्तर तुमच्या हाती पडेल, याची मी काळजी घेईन.